नोसरतच्या भुवया

मेबोद गावात कुणाच्या घरी लग्न ठरलं की मिठाईच्याही आधी तूबाखानमला निरोप जायचा. नवरीच्या चेहऱ्याला पहिला दोरा तिचाच. लग्न ठरेपर्यंत मुलीनं भुवयांना हात लावायचा नसतो, म्हणून त्या दिवशी घरभर बायका जमायच्या, टाळ्या पिटत गाणी म्हणायच्या. मधोमध नवरी उशीला डोकं टेकून स्वतःच्या पापण्या ताणून धरायची. तूबा दोऱ्याचं एक टोक दातांत पकडायची, उरलेला दोरा दोन्ही हातांत पिळायची आणि चेहऱ्यावरून असा फिरवायची की मुळासकट लव निघून यावी. तीस वर्षांत गावातला एकही चेहरा तिच्या हातून सुटला नव्हता.

तिचं दुसरंही एक काम होतं, बिनगाण्याचं. नवरा गेलेली बाई चेहऱ्याला दोरा लावू देत नाही. वर्ष सरलं की सासरची वडीलधारी बाई रंगीत कापड घेऊन येते, काळे कपडे उतरवायला सांगते आणि तूबाला बोलावते. असल्या वेळी बाई हमखास रडायची. तूबा तिला पाणी पाजायची आणि म्हणायची, "जगणाऱ्याला जगावं लागतं, बाई." हे वाक्य तिनं किती जणींना ऐकवलं असेल त्याचा हिशेब नव्हता. ते फक्त स्वतःच्या लेकीला तिला कधी म्हणता आलं नाही.

नोसरत तिची एकुलती एक मुलगी. लग्नाला अकरा महिने झाले होते, तेव्हा जावई यदुल्लाह युद्धावर गेला आणि बेपत्ता झाला. ना प्रेत आलं, ना पत्र. मेला म्हणावं तर कबर नाही, जिवंत म्हणावं तर माणूस नाही. नोसरतनं काळे कपडे घातले नाहीत. दोरा मात्र बंद केला. एक वर्ष गेलं, तीन गेली, आठ गेली. तिच्या भुवया नाकावर येऊन एकमेकींना मिळाल्या, ओठावर लव दाट झाली. गावच्या हमामात, अंघोळीच्या वेळी, बायका तूबाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या, "कुंभार पाणी पितो ते फुटक्याच मडक्यातलं." तूबा अंग घासत राहायची.

नोसरत सासरीच राहायची, सासूबरोबर. बल्कीस विधवा होती, मागावर सुती चटया विणायची. नोसरतला दोऱ्याची परवानगी द्यायची ती तिनंच. पाचव्या वर्षी तूबानं मन घट्ट करून विषय काढला, म्हणाली, पोरगी अजून तरुण आहे. बल्कीसनं माग थांबवला नाही. नुसतं विचारलं, "विहीणबाई, माझ्या मुलाचं कफन तुम्ही बेतायला आलात का?"

तूबानं पुन्हा तो विषय काढला नाही.

मग युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, कैदी सुटायला लागले. रेडिओवर नावं वाचली जायची आणि सगळं गाव रेडिओला कान लावून बसायचं. एका दुपारी नोसरत उन्हातून धावत आईकडे आली. डोक्यावरची चादर खांद्यावर घसरली होती, तिचंही भान नव्हतं.

"आई, नाव वाचलं. यदुल्लाह, मेबोदचा. मी माझ्या कानांनी ऐकलं."

"बापाचं नाव?"

"तेवढ्यात खरखर झाली. पण मेबोदच म्हणाले."

तूबा म्हणाली, जरा थांब, चौकशी होऊ दे, सासूला विचारू. नोसरत उशी ओढून भिंतीशी बसली. "आठ वर्षं थांबलेच ना? त्यानं मला या तोंडानं बघायचं का?" आणि तिनं स्वतःच पापणी ताणून धरली.

तूबाला कळत होतं की घाई होतेय. पण आठ वर्षांत पोरीनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. तिनं लेकीच्या चेहऱ्याला पांढरी भुकटी चोळली आणि दोरा दातांत धरला. शेजारच्या कुणाला बोलावलं नाही. दीड तास लागला. नोसरतच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ताणलेली पापणी तिनं सोडली नाही. भुवयांमधली जागा मोकळी झाली तसा जुना चेहरा वर आला, फक्त डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडलेल्या. उजव्या भुवईत दोन पांढरे केस होते. तूबानं ते आधी उपटले.

दोघी मिळून सासरी गेल्या. बल्कीस घरात नव्हती. तिनंही रेडिओ ऐकला होता आणि यादी लागलेल्या कचेरीत ती एकटीच गेली होती. ऊन उतरल्यावर ती आली, अंगणातल्या हौदाच्या काठावर बसली आणि पाण्याकडे बघत म्हणाली, "तो रजबअलीचा यदुल्लाह. पलीकडच्या वस्तीतला. आपला नाही."

मग तिनं वर पाहिलं आणि तिला नोसरतचा चेहरा दिसला.

तूबानं घाईघाईनं सगळं सांगितलं, दोष स्वतःवर घेतला. बल्कीस रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "कशासाठी केलंत ते कळतंय मला. पण उद्या गल्ली विचारेल, बल्कीसनं सुनेला शोकातून उठवलं का? मी हो म्हटलं तर माझा मुलगा मेला. नाही म्हटलं तर ही बदनाम. काय सांगू, तुम्हीच सांगा."

तीस वर्षं तिनं केस काढले होते, उपटलेला एक केस परत लावणं तिला येत नव्हतं. नोसरतनं चादर भुवयांच्या खाली ओढली आणि चहा ठेवायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तूबाला निरोप आला. रजबअलीची सून बोलावत होती, नवरा संध्याकाळी पोचणार होता. नाही म्हणायला काही कारण देता येईना. त्या घरात दृष्ट काढायला जाळलेल्या इस्पंदाच्या बियांचा धूर भरला होता, दारात बकरा बांधला होता, बायका नाचत होत्या. त्या यदुल्लाहची बायको हसत हसत म्हणाली, "तुमचाही जावई येईल, तूबाखानम, बघाल तुम्ही." तूबाचा दोरा निसटला आणि त्या बाईच्या ओठावर रक्ताचा थेंब आला. बाईनं तो जिभेनं पुसला आणि पुन्हा हसली.

त्या आठवड्यात तूबानं नवरा सुटून येणाऱ्या आणखी पाच जणींचे चेहरे केले.

नोसरत तीन महिने घराबाहेर पडली नाही. केस आले, पण उजव्या भुवईचं टोक विरळच राहिलं. आपला यदुल्लाह कुठल्याच यादीत निघाला नाही. चार वर्षांनी बल्कीस गेली. तिला शेवटचं न्हाऊ नोसरतनंच घातलं. आता सुनेला मोकळं करायला सासरचं कुणी उरलं नव्हतं, आणि तूबा आई असली तरी तो अधिकार तिचा नव्हता.

दर शुक्रवारी ती लेकीकडे जाते. नोसरत मागावर बसलेली असते, भुवया पुन्हा नाकावर मिळालेल्या. तूबा कलिंगड कापते, सुताचा भाव काय झाला ते विचारते, कुणाच्या मुलीचं कुठं ठरलं ते सांगते. नोसरत हं हं म्हणते आणि विणत राहते. संध्याकाळी मगरिबची अजान झाली की तूबा घरी जायला चपला शोधते.