मागाहून शिवलेली पानं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गावी आईलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, ते मलाही धड माहीत नाही.

ठाकूरद्वारला पुस्तकं बांधायच्या दुकानात मी कामाला आहे. शाळा सातवीत सुटली. गाव लांब, हिंगोलीकडं. मुंबईत आलो तेव्हा पाठ टेकायला जागा नव्हती. तावडेकाकांनी मालकाला गळ घालून दुकानाचा पोटमाळा मिळवून दिला. आमचं गिऱ्हाईक ते, माझे कुणीच नव्हेत. त्या माणसाशी मी असं वागलो.

काका माझगावच्या गोदीतून रिटायर झालेले. नाद एकच — इंग्रजी विज्ञान कादंबऱ्या. तिकडच्या एका मोठ्या बक्षिसाच्या शेवटच्या यादीत आलेल्या सगळ्या जुन्या कादंबऱ्या त्यांना वाचून काढायच्या होत्या. "जिंकलेली कुणीही वाचतं रे," म्हणायचे, "हरलेलीकडं कोण बघणार?" फुटपाथवरून फाटकी पुस्तकं आणायचे, मी बांधून द्यायचो. वाचून झालं की स्टुलावर बसून मला सगळी गोष्ट मराठीत सांगायचे. माझे हात खळीनं बरबटलेले आणि मी कुठल्या कुठल्या ग्रहावर! एवढं मला कुणी दिलं होतं?

एका पुस्तकाची पानं पार सुटली होती. मी शिवलं, पुठ्ठा चढवला, दिलं. काका खूश. परग्रहावर एकटी उरलेली बाई दार उघडते — आणि संपलं! पुढचं आपण ठरवायचं! किती दिवस तेच बोलत होते.

मग झाडताना कापायच्या मशीनमागं पानं सापडली. पातळसा गठ्ठा. त्या कादंबरीचं अख्खं शेवटचं प्रकरण.

तेव्हाच सांगायचं होतं ना? काका फार तर हसले असते. पण पानं हरवणाऱ्या एकाला मालकानं घरी पाठवलेलं मी पाहिलं होतं, आणि — नाही, ते राहू द्या. काकांना म्हटलं, पुठ्ठा नीट बसला नाही, परत आणा. पुस्तक उसवलं, पानं घातली, पुन्हा शिवलं. बोललो काहीच नाही. वाटलं, चूक निस्तरली.

दादरला त्यांच्या मित्रांचा वाचनाचा कट्टा भरतो. तिथं काकांनी तो शेवट रंगवून सांगितला. एक मित्र म्हणाला, "तावड्या, झोपेत वाचलंस काय? ती बाई घरी परत येते की!" काका पैज लावायला निघाले. सगळ्यांसमोर पिशवीतून पुस्तक काढलं, उघडलं. प्रकरण तिथं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात आले ते उभेच राहिले. त्यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी घरच्यांनाही ओळखत नव्हते — मला ठाऊक होतं हे, त्यांनीच सांगितलेलं. "अरे, ही पानं वाचलेली मला आठवतच नाहीत," म्हणाले. "एक ओळसुद्धा नाही."

मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "वयानं होतं काका असं."

कुणी बोलायला लावलं नव्हतं. मालक तर तेव्हा दुकानात नव्हताही.

काकांनी वाचणं सोडलं. डोक्यात राहतच नाही तर वाचायचं कशाला, म्हणाले. दादरला जाणंही बंद. मुलीनं डॉक्टरकडं नेलं, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. पण काकांना पटेना. आता रस्त्यानं जाताना दुकानाशी थांबतात, काल मी येऊन गेलो होतो का रे, म्हणून विचारतात. येऊन गेलेले असतात. त्यांना ते आठवतही असतं. पण खात्री करून घेतात — माझ्याकडून.

परवा म्हणाले, "डॉक्टर, पोरगी, सगळे माझं मन राखतात. खरं काय ते तू एकटा बोललास." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी मान डोलावली.