कारंज्यातला समुद्र आणि तांब्याची घागर

वऱ्हाडातल्या आमच्या कारंजा गावाहून समुद्र किती लांब आहे, असं आमच्या घरी कुणी विचारलं तर बायको सांगते, "हॉलमधी हाये." आणि कपाळावर हात मारून घेते.

तीन फुटी काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी, खडक, जिवंत पोवळी आणि समुद्रातले मासे. पन्नाशीच्या तोंडावर मला एवढंच हवं होतं. माझ्या वयाचे लोक गुडघे तपासून घेतात. मी खास मिठाची बादली मागवली. कोपऱ्यावरचा किराणावाला दुखावला. "काहून? आमचं मीठ खारट नसते काय?"

पाण्याचा खारेपणा मोजायचं एक छोट्या दुर्बिणीसारखं यंत्र असतं. मी एक डोळा मिटून त्यात बघत होतो, तोवर बायकोने वरणात बुडवावं तसं टाकीत बोट बुडवलं, चाटलं आणि म्हणाली, "कमी हाये." यंत्रही तेच म्हणालं. त्या यंत्राची मी तीन आठवडे वाट पाहिली होती!

मग आलं ते खरं संकट. नव्या टाकीत उपयोगाचे जिवाणू वाढायला महिना-दीड महिना लागतो. तोवर मासे सोडायचे नाहीत. म्हणजे दीड महिना माझ्या हॉलमध्ये निळ्या दिव्याखाली नुसते दगड होते. गल्लीतले लोक यायचे, चहा प्यायचे आणि वाकून बघायचे.

"मासे कुठी हायत?"

"यायचे हायत."

"मंग तोवर काय गोटे पाळून राह्यले?"

"त्यात जिवाणू वाढून राह्यले ना!"

"ते तं आमच्या नालीतबी हायत. आमी लाइट नाई लावला."

बायकोने चहाचे कप धुता धुता अट घातली. "आता जे जिवंत आणसान, त्यातलं एकबी जनावर मेलं, तं टाकी खाली करायची. मी तिच्यात सोयाबीनचं बियाणं ठेवीन." आमच्याकडे अशा धमक्या नुसत्या बोलण्यापुरत्या नसतात.

शेवटी नागपूरहून बसने थर्माकोलचा डबा आला. दोन नारिंगी मासे, दोन पोवळी आणि लांब पांढऱ्या मिशांची, लाल पट्ट्यांची एक कोळंबी. या मंडळींना नव्या पाण्याची सवय थेंबाथेंबाने लावतात, म्हणून मी मेडिकलमधून सलाईनची नळी आणली. "कोनाले लावून राह्यले?" दुकानदाराने विचारलं. "कोळंबीले," मी खरं ते सांगितलं. त्याचा विश्वास बसला नसावा, कारण संध्याकाळी शेजारच्या काकू मोसंबी घेऊन बायकोची तब्येत विचारायला आल्या.

त्यानंतर आल्यागेल्याला मी एकच गोष्ट सांगत सुटलो, की पोवळं हे झाड नाही, प्राणी आहे. कुणी मानलं नाही. बायकोने तर टाकीकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. चौथ्या दिवशी पाहतो तर तिचा हात मनगटापर्यंत पाण्यात, आणि कोळंबी तिची नखं साफ करतेय. "पार्लरवालीपेक्षा बरी हाये," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

मग माझ्या मावसबहिणीकडचं लग्न आलं. सहा दिवस जायचं होतं. भर उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर उडतं, आणि जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी रोज घालावं लागतं. राखणीला रिसोडहून सासरे आले. निवृत्त मास्तर, शिस्तीचा माणूस. काचेवर मी रेघ मारून दिली आणि फिल्टरच्या पाण्याचे कॅन रांगेत मांडून ठेवले.

परत आलो. कॅन जसेच्या तसे भरलेले. दोन्ही पोवळी मिटलेली. कोळंबी कुशीवर पडून एक पाय हलवत होती.

"जवाईबापू," सासरे अभिमानाने म्हणाले, "रेघेच्या खाली थेंबभर जाऊ देल्लं नाई."

"पाणी कोन्तं टाकलं, मामाजी?"

"ते तुमचं फिल्टरचं? छ्या! जीव गेलेलं पाणी ते. पाहुण्याले असं पाणी देतेत काय? रोज घागर चिंचेनं घासली, रातभर पाणी ठेवलं अन् सकाळी घातलं. तांब्याचं!"

तांब्याचं पाणी माणसाला चांगलं असेल. कोळंबीला आणि पोवळ्याला तांबं म्हणजे विष. पण सासऱ्यांवर आवाज चढवायचा नाही, हे जावईपण मी पंचवीस वर्षं सांभाळलंय. मी न्हाणीघरात गेलो, नळ सोडला, नळाला जे बोलायचं ते बोललो आणि बाहेर आलो.

तोवर बायकोने बादली काढली होती. "चूक कोनाची ते मंग पाहू. आधी तिले वाचवा." मी मीठ घातलं, तिने ढवळलं, बोट चाटलं आणि म्हणाली, "झालं." यंत्राकडे कुणी बघितलंही नाही. कोळंबी एका दगडासह दुसऱ्या बादलीत गेली आणि तिच्यात नवं पाणी थेंबाथेंबाने सोडलं. टाकीतलं निम्मं पाणी आम्ही बदललं. सासरे दोन तास सलाईनच्या नळीवर अंगठा धरून, थेंब मोजत, स्टुलावर बसून होते. जेवायलाही उठले नाहीत.

सकाळी बादलीत ती पांढरीफटक, निश्चल पडलेली दिसली. सासऱ्यांनी टोपी काढली. "गेली, जवाईबापू. माह्या हातानं गेली." मग लेकीकडे वळून म्हणाले, "त्याइची टाकी नको खाली करू बाई."

मी चमच्याने तिला उचललं. वजनच नव्हतं! मिशांपासून शेपटीपर्यंत नुसतं पोकळ कवच. आणि दगडामागून दोन नव्याकोऱ्या मिशा हळूच बाहेर आल्या. तिने कात टाकली होती.

"मेलीनं कपडे बदलले!" बायको ओरडली, आणि पदराने डोळे पुसत न्हाणीघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला.

सासरे ते कवच काड्यापेटीत घालून रिसोडला घेऊन गेले. आता रोज सकाळी त्यांचा फोन येतो. "आज कोन्तं पाणी टाकलं?" मी परीक्षेला बसल्यासारखा उत्तर देतो.

एक पोवळं मात्र पुन्हा उघडलंच नाही. आठवड्याने मी ते बाहेर काढलं, तेव्हा बायको मागे उभी होती. अट दोघांच्याही लक्षात होती. तिने पोवळ्याकडे बघितलं, टाकीकडे बघितलं, काचेशी येऊन मिशा हलवणाऱ्या कोळंबीकडे बघितलं.

"ते तं झाड हाये," ती म्हणाली. "झाडाले काय धरायचं?"

"हो, झाडच हाये," मी म्हणालो.