खुंटीवरची केसांची पिशवी

माझ्या थोरल्या भावाच्या बायकोने कुणावरही करणी केली नव्हती. हे वाक्य आधी लिहून टाकतो, कारण पुढचं लिहिताना मी पुन्हा स्वतःची बाजू मांडायला लागेन आणि ते राहून जाईल, अशी मला माझ्याबद्दल शंका आहे. करणी केली असं म्हणणारा मी. चार माणसांसमोर, आमच्या ओटीवर उभं राहून म्हणालो होतो.

भिवपुरीच्या वीजघरात मी नोकरी केली. निवृत्तीनंतर जवळच्याच गावातल्या घरी राहायला आलो. घराचे दोन भाग, मधे भिंत, ओटी मात्र एकच. पलीकडच्या भागात वहिनी एकटी राहायची. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लोधिवलीला दिलेली. अंगणाच्या हद्दीवर शेवगा आहे, त्याच्या शेंगांवरून माझं आणि वहिनीचं एकदा वाजलं होतं. ते मिटलं, पण माझ्या मनातून गेलं नव्हतं. बायकांचं तसं नव्हतं. दोघी जावा एकमेकींच्या चुलीवरचं चाखून मीठ सांगायच्या. अख्ख्या आळीचं विरजण वहिनीकडून जायचं. समोरची काकी रोज संध्याकाळी वाटी घेऊन यायची आणि विरजणाबरोबर तासभर गप्पाही घेऊन जायची.

करोना ओसरल्यानंतर बायकोच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. मी ठरवलं, गावात कुणाला सांगायचं नाही. का, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. लोक कीव करतील, मागून बोलतील, कुणाला बरं वाटेल. कुणाला, हेही मी मनात मोजून ठेवलं होतं. म्हणून सांगितलं, टायफॉइड आहे. वहिनीपासून मात्र लपण्यासारखं नव्हतं.

“ह्यो कसला टायफाइड रं बाबा,” काकी म्हणाली, “गाडी करून मुंबईला जातंय आनि येताना आनखी आजारी व्हऊन येतंय?”

दुसऱ्या केमोनंतर केस गळायला लागले. डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, तरी सांगणं वेगळं आणि उशीवर पाहणं वेगळं. विंचरायला घेतलं की फणीबरोबर झुपका यायचा. आमच्या बायका गुंतवळ कधी उघड्यावर टाकत नाहीत. बोटाभोवती गुंडाळायची, तिच्यावर थुंकायचं, मग टाकायची. कुणाच्या हाती लागू नये म्हणून. बायकोने तर एकही केस टाकला नाही. सगळे सरळ करून, दोऱ्याने बांधून, पिशवीत भरून ती पिशवी खोलीच्या दाराआड खुंटीला लावली. लांब केस होते तिचे, कमरेखाली यायचे. मी विचारलं, कशाला ठेवतेस. म्हणाली, “माझे आहेत.”

एका सकाळी मी मागच्या दारी गेलो. बायको पायरीवर बसली होती आणि वहिनी तिचे उरलेसुरले केस मशीनने काढत होती. ठिगळाठिगळांनी राहिलेले केस टोचायचे, उन्हाळ्यात स्कार्फखाली खाज सुटायची, म्हणून दोघींनी ठरवलं होतं. माझ्यासमोर बायकोचं पांढरंफटक डोकं होतं, आणि मागे माझ्या भावाची विधवा, करड्या कुरळ्या केसांचा अंबाडा घालून. आमच्या घराण्यात विधवेचे केस काढायची चाल कधीच नव्हती. पण तसं डोकं कशाची खूण असते, हे लहानपणी एक-दोन घरांत पाहिलेलं होतं.

मी म्हणालो, “मी अजून जिवंत आहे. डोकं झाक.”

वहिनीने मशीन बंद केलं. बायकोने मांडीवरचा स्कार्फ उचलून बांधला. दोघीही काही बोलल्या नाहीत, म्हणून मला वाटलं मी काही फारसं बोललो नाही.

चौथ्या केमोनंतर बायकोला ताप आला. पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या, दवाखान्यात ठेवून घेतलं. मी तिचे कपडे न्यायला दुपारी घरी आलो. फाटकाच्या आत, वहिनीच्या पायरीच्या कडेला एक लिंबू पडलं होतं. सुकत आलेलं. उचलून पाहिलं तर त्याला सगळीकडून टाचणीने भोकं पाडलेली. मी अंधश्रद्धाळू नाही. आयुष्यभर मीटरच्या काट्यांवरचे आकडे वाचून वहीत लिहीत आलेला माणूस आहे. लिंबू खिशात घातलं आणि आत गेलो. कपडे काढताना दार ढकललं, तर खुंटी मोकळी होती. पिशवी नव्हती.

मग मला एकेक आठवायला लागलं. गेल्या महिन्यात वहिनी दोनदा कशेळ्याला गेली होती. तिचं तिथे कुणी नाही. कर्जतला जायचं, तिथून जीप धरायची, गुडघे दुखत असताना, आणि विचारलं तर म्हणायची, “बाजार बघाय.” बाजार कर्जतला नाही का? आणि ती जायला लागल्यापासूनच बायकोची तब्येत उतरली होती. खरं तर केमोने उतरली होती. पण त्या दुपारी मला सगळं एका ओळीत लागलेलं दिसलं, आणि शेवटी शेवग्याचं झाड होतं.

मी ओटीवर आलो तेव्हा काकी, तिचा मुलगा आणि वीजघरातला माझा जुना सोबती विचारपूस करायला आले होते. तेवढ्यात वहिनी फाटकातून आली. खांद्याला कापडी पिशवी. पुन्हा कशेळ्याहूनच आली होती.

“कशी हाय ती, भावजी?”

“केस कुठे आहेत?” मी म्हणालो.

तिचा हात पिशवीवर गेला. तो मी पाहिला. “कंचं केस?”

“खुंटीवरचे. आणि हे काय आहे?” मी खिशातलं लिंबू काढून तिच्यापुढे धरलं.

ती लिंबाकडे बघत राहिली. मग मी तो शब्द उच्चारला. एकदा नाही, दोनदा. भाऊ गेला तेव्हाही लोक काय म्हणत होते ते आठवतं, असंही म्हणालो. लोक तेव्हा काहीही म्हणत नव्हते. ते मी तिथल्या तिथे तयार केलं.

काकी पटकन उभी राहिली आणि तिने पदर सावरला. वहिनी रडली नाही. एवढंच म्हणाली, “ती घरी आली म्हंजे तिलाच इचारा, भावजी.” आणि आपल्या दारातून आत गेली.

दुसऱ्या दिवशी काकी विरजणाला आली नाही. तिचा मुलगा दुकानातून दह्याचा डबा आणताना दिसला. मग दुसऱ्या घरातली वाटी बंद झाली, मग तिसऱ्या. वहिनीने दोन दिवस दही लावलं, नंतर लावलं नसावं. आठवड्याच्या आत तिची मुलगी येऊन तिला लोधिवलीला घेऊन गेली. किल्ली मात्र ठेवून गेली, बायकोसाठी, आमच्या खिडकीत.

बायको घरी आली तेव्हा मी सांगितलं, वहिनी लेकीकडे गेली आहे. बायको फोन करायची, तर वहिनी म्हणायची, “नातवाची शाळा हाय गं, येते सावकाश. तू खातीस का नीट?” आजारी माणसाला त्रास नको म्हणून तीही काही बोलली नाही. आणि मी माझ्या सोयीने समजलो, अपराधी माणूस असाच गप्प बसतो.

केमो संपली. भुवयाही गेल्या होत्या, बायको काजळाच्या पेन्सिलीने त्या काढायची, आणि एक नेहमी वर जायची. त्यामुळे ती सारखी मला काहीतरी विचारते आहे असं वाटायचं. दोनेक महिन्यांनी एका सकाळी तिने मला हाक मारली. खिडकीजवळ उजेडात डोकं वाकवून म्हणाली, “हात फिरवून बघा.”

करडू जन्मल्यावर त्याच्या अंगावर असते तशी लव होती. तिला किती आनंद झाला होता! दिवसातून पाच वेळा आरशापुढे जायची. स्कार्फ आधी घरात सुटला, मग मागच्या दारी, मग एक दिवस ती तशीच ओटीवर जाऊन बसली. मी काही म्हणालो नाही. मी दुसरंच पाहत होतो. केस वाढत होते ते वळत होते. जन्मभर सरळ केस असलेल्या माझ्या बायकोच्या डोक्यावर करडे, कुरळे केस येत होते. अगदी वहिनीसारखे.

डॉक्टरांना विचारलं. ते हसले. “होतं असं. पुष्कळांचे पहिले केस कुरळे येतात. पुढे बदलतातही.” माझं समाधान झालं नाही. माझे आकडे जुळत नव्हते.

म्हणून एका दुपारी बायको झोपलेली असताना मी वहिनीच्या घराचं कुलूप काढलं. कोनाड्यात तिची फणी होती, दातांत दोन-चार केस अडकलेले. ते घेतले. बायकोच्या उशीवरचा एक घेतला. ओटीवर उन्हात पांढऱ्या कागदावर दोन्ही शेजारी ठेवले आणि भिंग लावून बघत बसलो. जाडी, रंग, वळण.

“काय करताय?”

बायको दारात उभी होती. मी कागद झाकला, पण फणी बाजूलाच पडली होती. ती तिने ओळखली. मग मला सगळं सांगावं लागलं. लिंबू, खुंटी, कशेळं, ओटी, आणि तो शब्द. ती उंबऱ्यावर खाली बसली.

“पिशवी मी दिली होती त्यांना,” ती म्हणाली. “कशेळ्याच्या बाजारात एक म्हातारी फण्या-आरसे विकते, ती केसांचं गंगावन गुंफून देते. माझ्याच केसांचं करून घ्यायला सांगितलं होतं. स्कार्फखालून वेणी दिसली असती.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुमच्यासाठीच करत होते. तुम्ही जिवंत आहात हे लोकांना दिसायला नको का?”

मी भिंग खाली ठेवलं.

“शपथ घातली होती मी त्यांना, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. आणि लिंबू माझं. गाडीत मळमळायचं, वास नुसत्या लिंबाला येत नाही, म्हणून टाचणीने भोकं पाडली. उतरताना हातातून पडलं असेल. तुम्हीच आणून दिलं होतंत ते लिंबू.”

खरंच मीच आणलं होतं. हमरस्त्यावरच्या दुकानातून, सुटी नाणी मोजून.

इथे माझा खरा गुन्हा सुरू होतो. आधीचं सगळं चुकीच्या समजुतीने केलं असं म्हणता येईल. पण त्या दुपारनंतर मला सगळं माहीत होतं, आणि मी दीड वर्ष काही केलं नाही. लिंबाचा खुलासा सोपा होता. पण केस का दिले हे सांगायचं तर मागच्या दारी मी काय बोललो तेही सांगावं लागलं असतं. बायको एकदाच म्हणाली, “मी जाऊन सांगितलं तर लोक म्हणतील जाऊ जावेला झाकते. तुम्ही बोललात, तुम्हीच निस्तरा.” ती एकटी लोधिवलीला जाऊन यायची. मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात येतो. दरम्यान तिचे केस मानेखाली आले आणि पुन्हा सरळ व्हायला लागले.

शेवटी बायकोबरोबर गेलो. वहिनी मुलीच्या पडवीत वाल सोलत बसली होती. मी माफी मागितली. ती सोलत राहिली. मग कपाटातून कागदात गुंडाळलेलं गंगावन आणून बायकोच्या मांडीवर ठेवलं. ओटीवर मी लिंबू पुढे धरलं त्या दिवशी तिच्या खांद्याच्या पिशवीत तेच होतं. आणि बायकोलाच म्हणाली, “सांग त्येना, हितं सोलाय बसलेल्या बाईला येऊन काय सांगता? जितं बोललं तितं बोला. ज्यांनी आयकलं त्यांना आयकू दे.”

तसं केलं. त्याच तिघांना ओटीवर बोलावलं, आणखी आळीतली जी आली ती आली. मी उभा राहून सगळं सांगितलं. मागच्या दारचं वाक्यही. तेव्हा माझा सोबती जमिनीकडे बघायला लागला. बायकोने गंगावन दाखवलं. कुणी हात लावला नाही.

काकी म्हणाली, “आनि लिंबाचं?”

“लिंबू मळमळीचं होतं, काकी. सांगितलं ना.”

“व्हय, सांगितलंस,” काकी म्हणाली. “तवा बी असंच उबं राहून सांगितलं व्हतंस.”

बायकोने गंगावन पुन्हा कागदात गुंडाळलं.

त्यानंतर महिन्याने वहिनी परत आली. माझ्याशी अजून थेट बोलत नाही, बायकोमार्फत निरोप देते, मी तीन हातांवर बसलेला असलो तरी. आल्या दिवशी तिने दूध तापवून विरजण लावलं, आणि दुसऱ्या संध्याकाळी दार उघडं ठेवून उंबऱ्यापाशी बसली. मी ओटीवर वर्तमानपत्र धरून होतो. कोण येतं, कोण समोरून जाऊन आत वळत नाही, मी नजर ठेवून होतो. ही सवय आता जाणार नाही. काकीची सून नातवाला घेऊन गेली, थांबली नाही. आणखी एक बाई फाटकापाशी घुटमळली आणि पुढे गेली. तिसऱ्या दिवशीही कुणी नाही. बायको वहिनीजवळ जाऊन बसली आणि तिला म्हणाली, “अहो, डोक्याला तेल लावून द्या माझ्या.” दोघी तशाच दारात बसून राहिल्या, सगळ्यांना दिसेल अशा.

चौथ्या दिवशी काकी वाटी घेऊन आली. विरजण घेतलं, उजेडात धरून बघितलं, वास घेतला.

“आंबाट हाय,” म्हणाली.

“दोन वर्सांनी आलीस, मग आंबाटच असंल,” वहिनी म्हणाली.

काकी वाटी झाकून घेऊन गेली. दही लावलं की ओतून दिलं, ते मला माहीत नाही. मला शंका आहे. पण पाचव्या दिवशी ती वाटी घासून परत घेऊन आली.