वाघ, वाघ्या आणि संस्थेचा सर्व्हर

मी गोरक्ष, दूध संस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटर. गावात मला 'इंजिनिअर' म्हणतात आणि मीही कुणाला अडवत नाही.

माझी आई तुकाबाई अजून थोडी मेंढरं राखते आणि रात्री त्यांच्याच शेजारी, उसाच्या कडेला, उघड्यावर झोपते. पलीकडच्या वस्तीवर बिबट्या येऊन गेल्यापासून मला रोज तिची भीती वाटायची. घरात झोप म्हणून सांगून सांगून तोंड दुखलं. शेवटी ती म्हणाली, "राखण करनारं कुनी दे, मंग येते घरात."

मी म्हटलं, मशीन देतो. मेंढरांच्या वाड्यापाशी कॅमेरा, त्याचे फोटो संस्थेच्या सर्व्हरवर. सर्व्हरने बिबट्या ओळखायचा आणि भोंगा वाजवायचा. अध्यक्ष हौशीरामतात्यांनी परवानगी दिली, फक्त एवढंच म्हणाले, "दुधाचा काटा बंद पडाया नगं, राव."

सर्व्हर लिनक्सचा, दुधाच्या काट्याची नोंदही त्याच्यावरच. तो संस्थेत आला तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. फोटो ओळखायला मशीन लर्निंगची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा गठ्ठा, लागते. ती टाकायला गेलो तर म्हणाली, मी ज्या भाषेत चालते ते पायथन नवं पाहिजे. पायथन म्हणालं, खालची सिस्टीम नवी पाहिजे. नव्या जावयासारखं, गादी दिली की पलंग हवा, पलंग दिला की खोली हवी. मग मी इंजिनिअरकी केली आणि जुनं पायथन काढूनच टाकलं. नवं काही टाकायची सगळी सोय त्या जुन्यावरच उभी होती, हे त्यानंतर कळलं. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणारे गोष्टीत भेटतात. आमच्या संस्थेत ते पगारावर आहेत.

सकाळी सर्व्हर बंद, दूध हाताने लिहावं लागलं. तात्या रागावले नाहीत. "इंजिनिअरसायेब, चहा घ्या," म्हणाले. मी चहा तसाच ठेवून बॅकअपवरून सर्व्हर उठवला, लायब्ररीची त्याच्याच वयाची जुनी आवृत्ती शोधली, ती मुकाट्याने बसली. मी लगेच आईला सांगून टाकलं, अंथरूण घरात आण.

आता मशीनला शिकवायला फोटो हवेत. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, ज्याच्याकडे असतील ते सगळे मागवले. आमच्याकडे बिबट्याला सगळे वाघच म्हणतात, म्हणून ज्या फोटोखाली 'वाघ' ही अक्षरं असतील तो बिबट्याच्या खान्यात, असा प्रोग्राम लिहिला. एकेक फोटो कोण बघत बसणार?

संध्याकाळी आई आणि तात्यांसमोर यंत्र सुरू केलं. भोंगा तत्काळ बोंबलला, मेंढरं उधळली. कॅमेऱ्यासमोर आमचा कुत्रा शेपूट हलवत उभा. मोबाईलवर तो खाना उघडला. त्यात मेंढपाळांचे निम्मे कुत्रे होते, सगळ्यांचं नाव वाघ्या. मेंढरांभोवती लावायची जाळी होती, तिला आम्ही वाघर म्हणतो. शिवाय वाघमारे गुरुजींचा निरोप समारंभ, हारासकट.

तात्या हसत हसत खालीच बसले. आई मात्र कॅमेऱ्याला समजावून सांगावं तसं म्हणाली, "आरं, त्यो वाघ न्हाई, वाघ्या हाय." मग घोंगडी उचलून ती मेंढरांकडे निघाली. मला फार वाईट वाटलं.

"दोन दिवसांत दुरुस्त करतो, आये. तवर घरात झोप."

"आन् दोन दिस मेंढरांनी काय करावं?"

मीच गोधडी आणली, काठी उशाशी घेतली आणि तिच्या शेजारी पडलो. म्हटलं, दुरुस्त होईपर्यंत राखण मी करतो.

तिनं घोंगडीचा अर्धा पदर माझ्या अंगावर टाकला.

"झोप तू," ती म्हणाली. "मी हाय जागी."