पिनांचा ड्रम आणि टेक्सासचा जावई

माझ्या घरमालकांनी आयुष्यात कधी बंदूक हातात धरलेली नाही, आणि तरीही बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या कशा घासाव्यात हे त्यांच्याइतकं जाणणारा माणूस संपूर्ण आशिया खंडात नसेल, असं मी खात्रीने सांगू शकते. पुंगळी म्हणजे गोळी उडून गेल्यावर मागे उरते ती पितळेची नळी. तीसुद्धा काकांनी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. सिंगापूरमध्ये नुसती रिकामी पुंगळी बॅगेत सापडली तरी माणसाचा पुढचा सगळा कार्यक्रम सरकार ठरवतं. काकांचं ज्ञान दुपारच्या जेवणानंतर सोफ्यावर बसून मिळवलेलं आहे. टीव्हीवर टोपी घातलेला कुणी अमेरिकन आजोबा गॅरेजमध्ये उभा असतो. तो काळवंडलेल्या पुंगळ्या, पाणी, साबण आणि नखाएवढ्या बारीक स्टीलच्या पिना एका ड्रममध्ये भरतो आणि ड्रम फिरवत ठेवतो. दोन-तीन तासांनी पुंगळ्या लग्नातल्या दागिन्यांसारख्या बाहेर येतात, आणि काका समाधानाने म्हणतात, "बघा, आतूनसुद्धा."

क्लेमेंटीतली त्यांची एक खोली मी भाड्याने घेतली ती घर युनिव्हर्सिटीजवळ आहे, मराठी आहे आणि शांत आहे म्हणून. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या. दुसऱ्याच दिवशी भिंतीपलीकडून एक माणूस इंग्रजीत रायफलींबद्दल बोलताना ऐकू आला, आणि त्याच्या जोडीला सिमेंट कालवल्यासारखी घरघर. विचारायचा माझा स्वभाव नाही. मी मुकाट्याने फोनवर दुसरी खोली शोधायला लागले. शेवटी काकूंनीच पोह्यांची बशी पुढे करत सांगितलं, "घाबरू नकोस. आमच्याकडे बंदुका फक्त दुपारी चालतात. संध्याकाळी बातम्या." पुढे माझ्या लक्षात आलं की चालतात हेही खरं नव्हतं. व्हिडिओत कुणी चाप ओढायला लागला की काका रिमोट उचलून आवाज बंद करायचे, दुसरीकडे बघायचे आणि घासणं सुरू झालं की आवाज परत लावायचे. झुरळाला वर्तमानपत्रावर बसवून लिफ्टपर्यंत पोचवणारा हा माणूस. त्याला स्फोट नको होता, घासणं हवं होतं.

काका जहाजावर चीफ इंजिनियर होते आणि निवृत्तीची बातमी त्यांच्यापर्यंत अजून नीट पोचलेली नसावी. स्वयंपाकघरामागे वॉशिंग मशीन ठेवायची जी चिंचोळी जागा असते, ती त्यांची इंजिन रूम. तिथे जाताना ते जहाजावरचा जुना बॉयलर सूट, म्हणजे कामाचा अखंड पोशाख, चढवत. ड्रम जाड पीव्हीसी पाइपचा होता आणि मोटर कुणीतरी टाकून दिलेल्या वॉशिंग मशीनची. ड्रम सुरू करण्याआधी "स्टँड बाय" अशी हाळी यायची, मग काकू ओट्यावरची दुधाची पातेली धरून उभ्या राहायच्या. आत अर्थात पुंगळ्या नसायच्या. निरांजनं, ताम्हणं, पळ्या, घंटा, सुटी केलेली समई, असं सगळं देवघर त्या पिनांमध्ये गरगरत असायचं. काका बाजूला स्टुलावर डोळे मिटून बसत. यंत्र बघायचं नसतं, ऐकायचं असतं, हे त्यांचं मत. ज्याला आवाजावरून बिघाड कळत नाही त्याने इंजिनियर म्हणवून घेऊ नये, असं ते मला अनेकदा सांगत. मी बायोलॉजीवाली असल्यामुळे ते मला लागू नव्हतं, तरी मी मान खाली घालायचे.

पिना मात्र इंजिन रूममध्ये राहत नसत. त्या माझ्या मोज्यात निघाल्या, काकूंच्या कणकेत निघाल्या, आणि एकदा सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींच्या आसनाखाली निघाल्या तेव्हा संकल्प मध्येच थांबला. शेवयांची खीर त्या घरात कुणी न बघता खात नसे. पिना गोळा करायला काकांच्या खिशात कायम एक लोहचुंबक असायचा आणि खरा घोटाळा त्या चुंबकाने केला. बुकित तिमाहच्या एका श्रीमंती काँडोतल्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेलो होतो. दिवाणखान्यात पुरुषभर उंचीची समई होती आणि यजमानीणबाई ती कुठून मागवली ते सगळ्यांना सांगत होत्या. काकांनी सहज चुंबक लावून पाहिला. तो चिकटला. काकांच्या चेहऱ्यावर कुणी गेल्यासारखं दुःख पसरलं. "एवढी सुंदर समई," ते हळहळून म्हणाले, "आणि आतून लोखंड." त्यानंतर त्या घरचं बोलावणं आलं नाही. परतताना मेट्रोत काकू आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि काका मला हळूच समजावत राहिले की वरचा मुलामा मात्र चांगल्या दर्जाचा होता.

खालच्या मजल्यावरच्या चिनी आंटी एकदा तक्रार घेऊन वर आल्या. "अंकल, युअर वॉशिंग मशीन स्पॉइल ऑलरेडी लाह," त्या दारातूनच म्हणाल्या. काकांनी माफी मागायच्या ऐवजी त्यांना ड्रम दाखवायला नेलं. तासाभराने आंटी पुन्हा आल्या, तेव्हा त्यांच्या हातात देवासमोरचं उदबत्त्यांचं पितळी पात्र होतं. त्यानंतर तक्रार आली नाही, पात्र मात्र नेमाने यायचं.

हे सगळं एका माणसाचं वेड आहे, असं मी बराच काळ धरून चालले होते. मग एका दुपारी काकू आणि मी परातीतल्या तांदळातून पिना वेचत बसलो होतो. टीव्हीवर गॅरेजवाले आजोबा सुरू होते. काकू खालच्या आवाजात म्हणाल्या, "हे पितळेसाठी नाही गं चाललेलं. हे जावयासाठी आहे."

त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता टेक्सासमध्ये नोकरी करते. तिने तिथल्याच एका मुलाशी, टायलरशी, रजिस्टर लग्न केलं आणि मग फोन करून कळवलं. काका ओरडले नाहीत, रडले नाहीत. "बरं," म्हणाले आणि फोन काकूंकडे दिला. त्यानंतर व्हिडिओ कॉल सुरू असला की ते मागून बॉयलर सूटमध्ये इकडून तिकडे जात, मालवाहू जहाज क्षितिजावरून जावं तसे. पहिल्या कॉलवर काकूंनी जावयाला, सुट्टीच्या दिवशी काय करता, असं विचारलं होतं. तो म्हणाला, वडिलांबरोबर नेमबाजीला जातो आणि मग घरी येऊन पितळ घासतो. बंदुकीचं नाव ऐकून काकूंनी घाईने तिकडच्या हवेचं विचारलं. काका मात्र क्षितिजावर मध्येच थांबले. दुसऱ्या दिवसापासून टीव्हीवर गॅरेज सुरू झालं.

"तोंडी परीक्षेची तयारी करताहेत," काकू म्हणाल्या. "इंजिनियरच्या परीक्षेला तोंडी असायची ना, तशी. एवढा अभ्यास तेव्हाही केला नव्हता. पण फोन घ्यायची वेळ आली की पाणी भरायला जातात. मुक्ता आता विचारतसुद्धा नाही, बाबा कुठेत म्हणून." त्यांनी एक पीन बोटावर धरून उजेडात पाहिली. "तिने विचारणं सोडलं, त्याची मला भीती वाटते."

आणि मग मुक्ता आणि टायलर आठवडाभर यायचे ठरले. काकांनी मला इंजिन रूममध्ये बोलावून घेतलं. माझं इंग्रजी चांगलं म्हणून जावयाला एक मेसेज मी लिहायचा होता. लग्नानंतर सासऱ्याकडून जावयाला जाणारा तो पहिलाच मजकूर. त्यात स्वागत वगैरे काही नव्हतं. नेमबाजीला नेतोस ती बॅग आणू नकोस, जॅकेटचे खिसे उलटे कर, बुटात बघ, एक रिकामी पुंगळीसुद्धा चांगी विमानतळावर उतरता कामा नये, असं काका मराठीत बजावत होते आणि मी इंग्रजीत जमेल तेवढं मऊ करत होते. "मऊ करू नकोस," काका म्हणाले. "पोराला आत टाकतील." ते 'पोराला' म्हणाले, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. उत्तर लगेच आलं. येस सर, नवीन बॅग घेतली आहे, दोनदा तपासली आहे. काकांनी ते माझ्या फोनवर वाचलं. थोड्या वेळाने काहीतरी कारण काढून फोन मागून घेतला आणि पुन्हा वाचलं.

टायलर दारातून वाकून आत येणारा, लालसर दाढीचा माणूस निघाला आणि बोलण्याच्या बाबतीत मी त्याच्यासमोर वाचाळ ठरले असते. काकांनी ज्या परीक्षेची तयारी केली होती, तिचा परीक्षक तोंडच उघडत नव्हता. जेवताना काका विचारत, "फूड गुड?" तो म्हणे, "व्हेरी गुड, सर." मग दोघेही आमटीत बघत. जवळजवळ अख्खा मुक्काम त्या दोन वाक्यांवर निघाला. मुक्ताने काकूंना सांगितलं की ठीक आहे आई, निदान एका टेबलावर बसले. ती हे फार समजूतदारपणे म्हणाली, आणि काकूंनी कुकर जरा जोरातच आपटला.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी काकांनी बॉयलर सूट चढवला. मुक्ताबरोबर द्यायला समई चकचकीत करायची होती. "स्टँड बाय" झालं, ड्रम सुरू झाला. टायलर हॉलमध्ये बॅग भरत होता. त्याने मान वर केली, ऐकलं आणि शर्टाची घडी तशीच सोडून तो उठला. इंजिन रूमच्या दारात जाऊन इंग्रजीत म्हणाला, "सर, ड्रम जास्त भरलाय. आतलं काही फिरत नाहीये, नुसतं बसलंय."

काकूंचा हात पोळीवर थांबला. चीफ इंजिनियरला त्याच्या इंजिन रूममध्ये येऊन चूक दाखवणारा माणूस त्या घराने पाहिला नव्हता. मुक्ता डोळे मिटून उभी राहिली. काकांनी मोटर बंद केली. मग त्यांनी विचारलं, "तू बघितलं नाहीस. कसं कळलं?"

"आवाजावरून," तो म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे स्टूल सरकवलं. स्वतः बादली पालथी घालून बसले. त्यानंतर काय काय झालं ते मी स्वयंपाकघरातून तुकड्यातुकड्याने ऐकलं. पाणी किती, पिना किती, पुंगळीच्या गळ्यात दोन पिना अडकल्या तर कशा काढायच्या. टायलरने सायट्रिक ॲसिड घालायला सांगितलं, तेव्हा काकांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि काकूंची आमसुलांची बरणी आणली. टायलरने एक आमसूल उचलून आधी तोंडातच टाकलं. त्याच्या चेहऱ्याचं जे झालं, ते बघून काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग टायलर, बहुधा त्या आंबटपणाच्या धक्क्यात, मुक्कामातलं सर्वांत लांब वाक्य बोलला. नेमबाजी त्याला खरं तर आवडत नाही, आवाज सोसत नाही. गोळ्या वडील झाडतात. तो जातो ते नंतर गॅरेजमध्ये बसून घासायला मिळतं म्हणून, कारण तेवढ्याच वेळात वडील त्याच्याशी बोलतात.

काकांनी आमसुलांची बरणी खाली ठेवली. मग वळून मोठ्याने मराठीत म्हणाले, "अगं, ऐकलंस का? हा झाडणारा नाही. घासणारा आहे." मुक्ता सिंककडे तोंड करून उभी होती आणि धुतलेला कप पुन्हा धूत होती.

आता दर शनिवारी सकाळी काका ड्रमसमोर फोन उभा करून ठेवतात. टेक्सासमध्ये तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ असते आणि तिथेही एक ड्रम फिरत असतो, आमसुलाच्या पाण्यात. दोघं फारसं बोलत नाहीत. एकमेकांची यंत्रं ऐकतात. हे मला काकूंनी फोनवर सांगितलं, कारण मी आता बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पासिर रिसला राहते. प्रयोगशाळा बदलली, खोली बदलली. निघताना काकांनी मला एक निरांजन दिलं, पिनांतून काढलेलं, आतूनसुद्धा लखलखीत. काळं पडलं की घेऊन ये, म्हणाले.

कारण असल्याशिवाय कुणाच्या दाराची घंटा वाजवणं मला अजून जमत नाही. निरांजन मी समुद्राकडच्या खिडकीत ठेवलं आहे. तिथली खारी हवा पितळेला लवकर खाते, असं ऐकलं होतं. रोज सकाळी मी ते उचलून बघते. काल कडेला एक डाग दिसला. मी बोटाने चोळून पाहिला, तर गेला. उगीच चोळला.