एका बाजूचं रेलिंग

आमच्या गल्लीत त्याला सगळे टेपकाका म्हणत. खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण स्टीलचा टेप असणारच. लग्नाला गेला तरी आधी स्टेजच्या पायऱ्या मोजायचा, मग जोडप्याकडे वळायचा. कुणाकडे जेवायला गेला की स्वयंपाकघरात शिरून ओट्याखाली गुडघे जातात का ते बघायचा. "वहिनी, उद्या चाकाच्या खुर्चीत बसायची वेळ आली, तर इथे साधी भाजी चिरता येणार नाही हं तुम्हाला!" असली शुभवार्ता ऐकून कुठली वहिनी दुसऱ्यांदा वाढेल?

नोकरी बांधकाम परवानगीच्या कार्यालयात. रॅम्पचा चढ किती, रेलिंग किती उंचीवर, पायरी किती खोल, सगळं नियमांच्या पुस्तकात असतं. पण पुस्तक वाचून डोकं गरगरलं की ठेकेदार याच्या टेबलाशी यायचे. हा चष्मा कपाळावर चढवून अर्थ सांगायचा. "एक फूट चढायला बारा फूट लांबी. अकरा नाही. सासूची खुर्ची तू ढकलणार आहेस का?" त्याने लावलेला अर्थ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

टेपचा नाद त्याला लागला थोरल्या बहिणीमुळे. अक्का शिवणकाम करायची, मापाचा टेप कायम गळ्यात. आईमागे तिनेच त्याला वाढवलं. पुढे नाक्यावरच्या सार्वजनिक हॉलच्या वरच्या मजल्यावर तिने शिवणवर्ग काढला. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात कायमचा लुळा पडला. तरी ती रोज दुपारी पाय ओढत वर जायचीच. सुई धरता येईना, पण तोंड शाबूत होतं. "अगं, ही बाही आहे की उशीचा अभ्रा?" पोरी घाबरायच्या आणि शिकायच्या. तेवढंच तिचं जग उरलं होतं.

त्या हॉलचा नकाशा टेपकाकानेच पास केलेला, अक्का धडधाकट असताना. नियम असा, की जिन्याला दोन्ही बाजूंना रेलिंग हवं. जिना अरुंद असेल तर एका बाजूला चालेल. हा जिना ठरलेल्या मापापेक्षा दोन बोटांनी अरुंद भरला. शिलाई मशिनं वर न्यायला जागा लागेल म्हणून हॉलची कमिटीही मागे लागली होती. त्याने अर्थ लावला, चालेल. चढताना डावीकडची भिंत विटांची, पक्की. रेलिंग तिथे लागलं.

आता अक्का डाव्या हाताने रेलिंग धरून चढायची झकास. उतरताना मात्र तेच रेलिंग उजवीकडे यायचं, लुळ्या हाताच्या बाजूला. मग ती तोंड वर्गाकडेच ठेवून, डाव्या हाताने तोच दांडा धरून, उलट्या पावली एकेक पायरी उतरायची. भावाला एका शब्दाने बोलली नाही.

मी असायचो समोरच्या सलूनच्या बाकावर. केस कापायला नव्हे. डोक्यावर कापण्यासारखं काही नाही, जिभेला मात्र खाज फार. एकदा तिला उतरताना पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "बघा बघा, राजाला पाठ दाखवायची नाही म्हणून कशी चाललीय! दरबारी अक्का!" सलूनभर हशा. आठवड्यात नाव गल्लीभर.

महिन्याभराने टेपकाका दाढीला बसला होता. सलूनवाला बोलून गेला, "काका, दरबारी अक्कांची स्वारी निघाली बघा."

"कोण दरबारी?"

आरशात समोरचा जिना दिसत होता. अर्ध्या गालावर साबण, गळ्यात टॉवेल, तसाच हा रस्ता ओलांडून धावला. अक्काला उरलेल्या पायऱ्या हात देऊन उतरवलं, वाटेला लावलं. मग स्वतः वर गेला, उजवा हात खिशात घातला आणि उतरू लागला. मध्यावर थांबला. डावा हात कोऱ्या भिंतीवर चाचपडत होता. आम्ही बघत होतो. कुणी हसलं नाही.

पाचव्या दिवशी दुसरं रेलिंग लागलं. त्या बाजूची भिंत पातळ फळ्यांची, म्हणून आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्ट्या. मशिनंही वर जात होती. जरा तिरकी करावी लागायची, एवढंच.

तो बहिणीला न्यायला तिच्या घरी गेला. गंमत बघायला मीही मागोमाग.

"अक्का, चल. दोन्ही बाजूंना केलंय."

"बरं केलंस. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"कुणाच्या म्हणजे? तुझ्या!"

"नको रे. परवा वर्गात नवी मुलगी आली. म्हणाली, दरबारी अक्का तुम्हीच का? बिचारीला वाटलं आडनावच आहे." अक्का हसली, मग हसू आवरलं. "एवढी वर्षं पोरी मला घाबरायच्या. आता मी उतरायला लागले की खाली उभ्या राहून बघतात."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस? कपडा शिवायचा तर माणसाला समोर उभं करतात, बाबा. तू पुस्तकाचं माप घेतलंस."

ते नाव मीच ठेवलं होतं, पण सांगायला जीभ वळली नाही, आणि माझ्या बाबतीत ही बातमीच. अक्का पुन्हा वर गेली नाही.

टेपकाका आता निवृत्तीला आलाय. अर्थ विचारायला आलेल्या ठेकेदाराला आधी म्हणतो, "एक हात खिशात घाल, कार्यालयाचा जिना उतरून ये, मग बोलू."

मध्यंतरी सलूनमध्ये त्याने सहज विचारलं, "ते नाव ठेवलं कुणी रे?" सलूनवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "लोकांचं काय, जिभेला हाड नसतं."

"खरंय," तो माझ्याकडेच बघत म्हणाला, आणि हातातला पेपर मला वाचायला दिला.

त्या दिवसापासून मी आतल्या बाकावर बसतो. तिथून रस्ता दिसत नाही. जिना मात्र आरशात दिसतो.