बिनशेपटीचा पोपट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी बोलून उठतो.

म्हैसुरात कला महाविद्यालयात शिकत असताना शेवटच्या वर्षी आमचं प्रदर्शन भरलं. मांडलेल्या वस्तूंवरचा मजकूर आम्हा विद्यार्थ्यांनीच लिहायचा होता, तिघातिघांच्या गटानं. सरांचा नियम कडक. पहिला अर्धा तास फक्त जे दिसतं ते बोलायचं, 'सुंदर' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. अर्थ त्यानंतर लावायचा. आणि तिघांनाही पटेल तेच वाक्य कागदावर उतरवायचं. उतरवणारा मी, कारण मजकूर इंग्रजीत हवा होता आणि माझं इंग्रजी बरं होतं.

आमच्या वाट्याला एक छापील चादर आली. कुणीतरी महाविद्यालयाला दिलेल्या गाठोड्यातली. लाल जमीन, काळी वेल, काठानं पोपटांची रांग. सोसले गावाहून रोज बसनं येणारी आमची मैत्रीण चादरीभोवती फिरत म्हणाली, "या कोपऱ्यातल्या पोपटाला शेपूटच नाही."

मी ते तिच्याआधी पाहिलं होतं. ती चादर आप्पांनी, माझ्या वडिलांनी छापलेली होती. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. पोपटाचा तो लाकडी ठसा अजून घरच्या खिडकीत पडून होता. ठसा टेकवताना कापडाला घडी राहिली, शेपूट उमटलंच नाही, गिऱ्हाइकानं चादर परत केली, ही गोष्ट आप्पा स्वतःच हसत सांगायचे. पुढे छपाई बंद पडली आणि ते बँकेत शिपाई म्हणून लागले. मित्रांना मी सांगितलं होतं, वडील बँकेत असतात. कोणत्या कामावर, ते सांगितलं नव्हतं.

मी बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. पण तेवढ्यात अग्रहारातला आमचा मित्र, पुरोहितांच्या घरचा, म्हणाला, "दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम उणं ठेवलंय. आमची आजी बाळाला तीट लावते, तसं."

"तुला सगळीकडे आजीच दिसते," मैत्रीण म्हणाली. "तो उडालाय रे. उडताना शेपूट दिसतं होय?"

"पोपट आहे की रॉकेट?"

दोघंही हसली. मग तिनं मला विचारलं, "तू बोल की. मुद्दाम केलंय ना?"

"मुद्दामच," मी म्हणालो.

तिघांना पटलं म्हणून मी लिहिलं: अज्ञात कारागिरानं जाणूनबुजून अपुरा ठेवलेला हा पोपट चौकटीतून सुटू पाहतो. सरांनी ते दोनदा वाचलं आणि चादर प्रवेशद्वारासमोरच लावायला सांगितली.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. घरी जेवताना एकदा तोंडातून निघूनच गेलं, की अशी एक चादर आमच्याकडे आली आहे.

आप्पांचा हात ताटातच थांबला. "कोपऱ्यात बिनशेपटीचा? अय्यो, ती तुम्हाला कुठं गावली? काय लिहिलंत?"

"चांगलं लिहिलंय."

"माझं नाव घातलंस?"

"घातलं."

खोटं सहज निघालं. वाटलं, उद्या बदलून घेऊ, एक कागद तर आहे. तीनदा सरांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत जाऊन काय सांगणार होतो? की माझे वडील शिपाई आहेत, आणि तुम्ही वाखाणलेलं वाक्य खोटं आहे हे मला लिहितानाच ठाऊक होतं? तिन्ही वेळा परत फिरलो.

रविवारी आप्पा आले. न सांगता. अंगात इस्त्रीचा सदरा, बरोबर काका आणि काकू. त्या दोघांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. आप्पांना पाकिटांवरचे पत्ते वाचण्याइतकं येत होतं. स्वतःचं नाव ओळखायला तेवढं पुरेसं होतं.

ते कागदापाशी वाकले. एकेका ओळीखालून बोट नेत शेवटापर्यंत आले आणि पुन्हा वरून सुरुवात केली. मी दोन हात अंतरावर उभा होतो.

"मोठ्यानं वाच की," काका म्हणाले. "आम्हालाही कळू दे."

आप्पा सरळ झाले. कागदाकडे बघत, थांबत थांबत, वाचल्यासारखं म्हणाले. आधी स्वतःचं नाव, मग माझ्या आजोबांचं, मग आडनाव. "रंगारी, म्हैसूर. असं लिहिलंय."

काकू माझ्याकडे वळल्या. "होय काय रे? आप्पांचं नाव छापलंय?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते चादरीच्या त्या कोपऱ्याकडे बघत होते.

"होय काकू," मी म्हणालो.

काकूंनी कागदावरच्या पहिल्या ओळीला बोटं लावली आणि ती आपल्या कपाळाला टेकवली.